सीझिनकोटचा हिरवा घुमट

मॉर्टन-इन-मार्श हे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातले एक लहानसे बाजाराचे गाव. तिथून बोर्टन-ऑन-द-हिल या टेकडीवरच्या खेड्याकडे जाताना सीझिनकोटचे फाटक लागते. आत वळल्यावर बराच वेळ नुसती ओकची झाडे आणि मेंढ्या. आणि मग झाडांच्या शेंड्यांवर अचानक तांब्याचा घुमट, हवेने हिरवा पडलेला. आमच्याबरोबर मामू होते. कोकणातून जाऊन त्यांना बर्मिंगहॅमला तीस वर्षे झाली. ते गाडीतूनच म्हणाले, "अरे, हा तर आपला गुंबद!"

'आपला' म्हणजे कोणाचा, हा प्रश्न आम्हांला तेव्हा पडला नाही. तो पुढे पडला.

घुमटाच्या चारी कोपऱ्यांवर छत्र्या आहेत. भिंतीवर पावसाचे पाणी अडवणारा खोल छज्जा आहे, खिडक्यांच्या कमानी मोराच्या पिसाऱ्यासारख्या आहेत. दिल्ली-आग्र्याच्या इमारती पाहिलेला माणूस इथे क्षणभर गोंधळून जातो. घराला जोडून काचेची एक अर्धगोल पडवी वळत गेली आहे. तिथे बसून आम्ही चहा घेतला.

हे घर बांधले चार्ल्स कॉकरेल याने. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी आणि पेढीचा धंदा करून तो श्रीमंत होऊन परतला. अशा परतलेल्यांना तिकडचे लोक कुचेष्टेने 'नबाब' म्हणत. त्याचा भाऊ कर्नल जॉन याने ही जमीन 1795 साली घेतली, पण तीनच वर्षांत तो वारला. 1805 च्या सुमारास चार्ल्सने नवे घर काढले आणि काम दिले सॅम्युअल पेपीस कॉकरेल या दुसऱ्या भावाला. या भावाने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता! त्याच्यापुढे चित्रे होती टॉमस डॅनियल यांची. डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम 1786 पासून सात-आठ वर्षे हिंदुस्थानभर चित्रे काढीत हिंडले होते. सीझिनकोटच्या बागेतले बांधकामही डॅनियल यांनीच सुचवले.

बाग पाहण्यासारखीच आहे. टेकडीवरच्या झऱ्याचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात उतरत जाते. वरच्या तळ्याकाठी छोटे देऊळ, त्यात सूर्याची मूर्ती. खाली पूल, पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले, आणि पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांतील खांबांच्या धर्तीवर घडवलेले. मुंबईच्या समुद्रातले खांब या थंड ओलसर दरीत भेटले, तेव्हा आम्हीच 'आपले' म्हणालो. घराच्या दक्षिणेला चारबागेच्या पद्धतीची बाग आहे, मध्ये पाण्याचे पाट. ती मात्र मूळची नव्हे. 1960 च्या दशकात तेव्हाच्या मालकीणबाईंनी ती करवून घेतली.

घराच्या आत गेलो आणि हिंदुस्थान संपला. खांब, जिना, छताची नक्षी, सगळे युरोपीय वळणाचे. घुमटाखाली एकही कमान आपली नाही. बाहेर आमचा पोशाख आणि आत त्यांचे घर, असे मामूंना म्हणालो तर ते हसले आणि म्हणाले, "आमचं बर्मिंगहॅममध्ये उलटं आहे. बाहेर कोट, आत लुंगी!"

आता तो 'आपला'चा प्रश्न. सीझिनकोट बांधले गेले त्या काळी इंग्रज या शैलीला 'हिंदू' म्हणत. घुमट, छत्र्या, नंदी, सूर्य, घारापुरीचे खांब, सगळे मिळून एकच नाव. हिंदू म्हणजे हिंदुस्थानचे, एवढाच अर्थ. यात त्यांचे मोठेपण नव्हते, अज्ञान पुष्कळ होते. कंपनीचा पैसा बंगालच्या महसुलातून येत होता, आणि ज्यांच्याकडून तो वसूल झाला त्या रयतेचे या बागेत कुठे चिन्ह नाही. पण इमारतींकडे पाहताना त्यांनी सीमारेषा आखली नव्हती, हेही खरे.

रेषा आली नंतर. 1876 साली जेम्स फर्ग्युसन यांचा हिंदी वास्तुकलेचा मोठा इतिहास निघाला. त्यात बौद्ध, जैन, द्राविड अशी प्रकरणे पडली आणि घुमटाला 'इंडियन सॅरासेनिक' असा वेगळा कप्पा मिळाला. सॅरासेन हे युरोपीयांनी मुसलमानांना दिलेले जुने नाव. सत्तर वर्षांपूर्वी जो घुमट 'हिंदू' होता, तो असा परका ठरला. कप्पे सोयीचे असतात, वर्गात शिकवताना आम्हीही ते वापरतो. मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मुलांना घेऊन गेलो की मात्र कप्पे टिकत नाहीत. जॉर्ज विटेट यांनी विजापूरच्या गोलघुमटावरून तिथला घुमट घेतला आणि आत नाशिकच्या एका मोडलेल्या वाड्याचे लाकडी खांब बसवले. आदिलशाहीचा घुमट पेशवाई थाटाच्या लाकडावर उभा आहे, आणि 'हा कोणत्या प्रकरणात लिहायचा, सर?' असे एका मुलीने विचारले तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नव्हते.

परतताना बोर्टनच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये डोकावलो. घराच्या दिमाखानंतर हे चर्च अगदी साधे. तिथे 1816 सालचे धान्य मोजण्याचे धातूचे माप जपून ठेवले आहे, विंचेस्टर बुशेल म्हणतात ते. देणे-घेणे ठरवताना तंटा झाला तर हेच माप प्रमाण मानायचे. मामू त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांचे वडील खोताला भात मोजून देत, ते त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यांनी मापाच्या काठावरून बोट फिरवले आणि विचारले, "यात किती पायली मावतील?"

आम्ही हिशेब केला. पायली गावोगाव वेगळी, म्हणून उत्तर काही जमेना.