पिंजरा-सवय, कुत्र्याच्या पिलाची

घरात आणलेल्या कुत्र्याच्या पिलाला विश्रांतीसाठी, रात्रीच्या निद्रेसाठी व मलमूत्राच्या नियमनासाठी एका ठरावीक, मर्यादित परंतु हवेशीर पिंजऱ्यात आपण होऊन जाण्याची जी सवय क्रमाक्रमाने लावतात, तिला ही संज्ञा आहे. शहरी श्वानपालकांत ‘क्रेट ट्रेनिंग’ हे नाव रूढ आहे. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीत कुत्रे पडवीत वा खळ्यात मोकळे असावे, फार तर साखळीने खांबाला बांधावे, हाच जुना शिरस्ता. पिंजरा आढळतो तो बहुधा मुंबईशी राबता असलेल्या घरांतून.

तत्त्व : पहिल्या काही आठवड्यांत मादी पिलांची विष्ठा चाटून जागा स्वच्छ राखते आणि पुढे पिले पायांवर उभी राहू लागली म्हणजे निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागतात, या उपजत प्रवृत्तीचाच पिंजऱ्यात उपयोग करून घेतला जातो. लांडग्याच्या बिळाचा जो दाखला नेहमी देण्यात येतो तो जपून घ्यावा, कारण लांडगे बिळाचा आश्रय मुख्यत्वे प्रसूती व पिलांचे संगोपन यांपुरताच घेतात.

पद्धती : पिलाला मान न वाकवता उभे राहता यावे, अंगाभोवती वळता यावे आणि पाय ताणून निजता यावे, एवढे माप पुरे, त्याहून मोठ्या पिंजऱ्यात पिलू एका कोपऱ्यात निजते व दुसऱ्यात लघवी करते, सबब वाढत्या पिलासाठी मोठा पिंजरा घेऊन त्यात सरकती जाळी बसवितात. आरंभी दार उघडे बांधून ठेवावे. जेवणाची थाळी प्रथम दाराशी व नंतर रोज थोडी आत सरकवीत न्यावी. पिलू आत निश्चिंतपणे खाऊ लागले म्हणजे खाणे होईतो दार लोटावे आणि थाळी रिकामी होताच उघडावे. ही मुदत पुढे मिनिटामिनिटाने वाढवितात. दोन महिन्यांच्या पिलाला दोन-तीन तासांहून अधिक काळ लघवी आवरता येत नाही, म्हणून रात्रीही त्याला एक-दोनदा बाहेर न्यावे लागते व त्यासाठी पिंजरा माणसाच्या अंथरुणाशेजारी असणे सोयीचे. झोपेतून उठताच, जेवणानंतर आणि खेळ थांबल्यावर त्याला अंगणातील एकाच जागी न्यावे. नाक जमिनीला लावून ते गोल फिरू लागले की विलंब करू नये. आत सोडताना गळपट्टा काढावा, कारण तो तारेत अडकून फास बसतो. लाळ गाळीत व नख्यांनी जाळी ओरबाडीत असलेले पिलू भयग्रस्त असते, हट्टी नव्हे. त्याला तसेच कोंडून ठेवणे, किंवा शिक्षा म्हणून पिंजऱ्यात घालणे, सर्वथा निषिद्ध होय. स्कॉट व फुलर यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पिलाच्या आयुष्यातील सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ सहवासाच्या संस्कारांना निर्णायक ठरविला आहे. तो एकांतात दवडला तर मागाहून भरून काढणे दुष्कर असते.

हवामान : परदेशी पुस्तकांतील सूचना या किनाऱ्यावर जशाच्या तशा लागू पडत नाहीत. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. धापा टाकून जिभेवरील व श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करूनच ते शरीराची उष्णता घालवते, आणि दमट हवेत नेमके हेच बाष्पीभवन मंदावते. म्हणून चोहोबाजूंनी बंद असा प्लास्टिकचा पिंजरा किंवा पिंजऱ्यावर टाकलेली जाड चादर येथे, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, प्राणघातक ठरू शकते. तारेचा पिंजरा घ्यावा, परंतु खारी हवा साधी तार लवकर खाते व गंजलेले टोक पिलाच्या ओठात वा पंजात शिरते. जस्त चढविलेली तार त्या मानाने टिकते. पिंजरा माजघरात, वारा खेळेल अशा जागी, फरशीच्या ओलीपासून चार बोटे उंच लाकडी फळीवर ठेवावा. पावसाळ्यात पडवीत तो ठेवू नये. आडोशाला येणारे फुरसे व घोणस हे त्याचे एक कारण.

आरोग्य : जून ते सप्टेंबर या काळात २००० मि.मी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात लेप्टोस्पायरोसिस ही खरी चिंता आहे. उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्रातून बाहेर पडणारे त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात तग धरतात, त्वचेवरील ओरखड्यांतून अथवा नाकातोंडाच्या अंतस्त्वचेतून शरीरात शिरतात, आणि बाधित कुत्र्याच्या मूत्रातून ते घरच्या माणसांनाही पोचू शकतात. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याला जडणारा रोग तो हाच. लसीकरण पुरे होईपर्यंत पिलाला डबक्यांपासून दूर राखण्याचे काम पिंजरा चोख बजावतो, मात्र आतील अंथरूण कोरडे असेल तरच. गोणपाट वाळता वाळत नाही व त्याच्या विणीत गोचिडी लपतात. जुन्या सुती साडीच्या घड्या घालाव्यात, त्या रोज बदलून उकळत्या पाण्यात धुवाव्यात आणि पिंजऱ्याचा तळ पुसून पूर्ण सुकू द्यावा. प्रस्तुत लेखकाच्या मते अन्य सर्व सूचनांपेक्षा या एका सूचनेचे महत्त्व अधिक आहे.

कायदा : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ अन्वये, हालचालीस पुरेशी उंची, लांबी वा रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणे हा अपराध असून, सदोदित बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरविण्याची हयगय करणारा मालकही त्याच कलमाखाली येतो. पहिल्या अपराधास दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. आठ आठवड्यांहून लहान पिलाच्या विक्रीस २०१७ च्या नियमांनी मज्जाव केला आहे. स्वीडन व फिनलंड येथे घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्यावरच कडक निर्बंध आहेत. भारतात असा निर्बंध असावा की नसावा, याविषयी श्वानपालकांत एकमत नाही.

कासवांची घरटी : दिवेआगर व हरिहरेश्वर येथील पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि कुत्री ती उकरून खातात, रात्री घरात निजण्याची सवय झालेले कुत्रे त्या काळात तरी किनाऱ्यावर भटकत नाही.

प्रवास : २०२० च्या मार्चपासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली आहे, सवयीचा पिंजरा बरोबर असल्यास पिलू अशा प्रवासात पुष्कळसे शांत राहते.