जुनं नाणं तराजूत टाकण्याआधी वाचून घ्या

आपल्याकडे अनेक घरांत दादीच्या किंवा नानीच्या पेटीत, कापडी थैलीत बांधलेले चार-दोन चांदीचे रुपये असतात. वाटणी झाली, घर बदललं किंवा लग्नाचा खर्च निघाला की ही थैली बाहेर येते आणि सरळ सराफाकडे जाते. सराफ वजन करतो, चांदीचा भाव लावतो, पैसे देतो. त्यात त्याची काही चूक नाही. तो चांदी घेतो, नाणं घेत नाही. नाण्याचा बाजार वेगळा आहे आणि तिथे वजनापेक्षा नाण्यावरच्या अक्षरांना जास्त किंमत असते.

ती अक्षरं बहुतेक वेळा फारसी असतात. म्हणजे ज्या घरात कुणालाही उर्दू वाचता येतं, त्या घराकडे अर्धी चावी आधीच आहे. म्हणून नाणं कसं वाचायचं, किंमत कशी ठरते आणि लिलाव कसा चालतो, हे आम्ही इथे एकत्र देत आहोत.

नाणं कसं वाचायचं?

मोगल रुपयाचं वजन साधारण ११.४ ग्रॅम असतं. ही परंपरा शेरशाह सूरीच्या रुपयापासून सुरू झाली. एका बाजूला बादशहाचं नाव, दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं नाव आणि वर्ष. ‘ज़र्ब’ हा शब्द आधी शोधा. ज़र्ब म्हणजे ठोकलेलं. त्याच्या जवळच गावाचं नाव असतं: सूरत, अहमदनगर, बुऱ्हाणपूर. काही शहरांची बिरुदं लिहिलेली असतात. ‘खुजिस्ता बुनियाद’ म्हणजे औरंगाबाद, ‘दारुज़्ज़फ़र’ म्हणजे विजापूर. ‘मुहियाबाद पूना’ असं दिसलं तर ते पुण्याचं नाणं. मराठ्यांच्या टांकसाळींतही मोगल बादशहाच्या नावानेच फारसीत नाणी पडत होती. चांदवडचा ‘चांदोरी’ रुपयाही त्यातलाच.

वर्षं दोन असतात. एक हिजरी सन, दुसरं ‘जुलूस’, म्हणजे बादशहा गादीवर बसल्यापासूनचं वर्ष. पहिल्या वर्षाला आकड्याऐवजी ‘अहद’ लिहितात. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन अंदाजे निघतो. उदाहरणार्थ, हिजरी ११०० म्हणजे १०६७ अधिक ६२२, म्हणजे १६८९. औरंगजेबाच्या नाण्यावर ११०० असेल तर जुलूस ३२ किंवा ३३ हवं. दोन्ही वर्षं जुळत नसतील तर नाणं जाणकाराला दाखवा.

शाहजहानच्या बऱ्याच रुपयांवर कलिमा आहे, औरंगजेबाच्या नाण्यांवर नाही. नाणं कुणाच्याही हातात जातं, पायदळी येतं, बेअदबी होते, म्हणून त्याने कलिमा लिहिणं बंद केलं. त्यामुळे कलिमा असलेलं नाणं ‘औरंगजेबाचं’ म्हणून कुणी दाखवलं तर जरा थांबा.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली रुपया सापडतो. त्यावर चारमिनार असतो आणि मधल्या कमानीत उस्मान अली खान यांच्या नावातला ‘ऐन’. त्याचं वजन ११.१७८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. इंग्रजी रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, मात्र १९४० नंतरच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. म्हणजे नुसत्या चांदीच्या भावाने विकायचं ठरवलं तरी हा फरक माहीत असायला हवा.

किंमत कशावर ठरते?

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘जितकं जुनं तितकं महाग’. असं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची शिशाची साधी नाणी आजही स्वस्तात मिळतात. तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, दुर्मिळता. औरंगजेबाचा सुरतचा रुपया भरपूर मिळतो. त्याच बादशहाचा एखाद्या छोट्या टांकसाळीचा रुपया कितीतरी पट जाऊ शकतो. इंग्रजी रुपयांत १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया लक्षात ठेवा. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली. मुस्लिम समाजात नाराजी पसरली, सरकारने तो रुपया मागे घेऊन बराचसा वितळवला आणि १९१२ पासून चित्र सुधारलं. म्हणून १९११ चा रुपया नंतरच्या रुपयांपेक्षा महाग आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया तर फारच दुर्मिळ. त्यामुळे १९३८ मधल्या ८ चा ९ करून विकणारेही आहेत.

दुसरी, अवस्था. जुन्या नाण्याचा ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकुराचा काही भाग बाहेर राहायचा. टांकसाळीचं नाव आणि सन दोन्ही पूर्ण आलेलं नाणं जास्त किमतीचं. भोक पाडलेलं किंवा हारासाठी कडी डाक दिलेलं नाणं खूप खाली येतं. आणि एक विनंती: चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नका. नाण्यावरची काळसर झाक हीच त्याची सच्चाई आहे. घासून चकचकीत केलेलं नाणं पाहून संग्राहक मागे सरतो.

तिसरी, अस्सलपणा. जहांगीरची राशींच्या चित्रांची नाणी प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या नकलाही तितक्याच जुन्या व भरपूर आहेत. असं नाणं तज्ज्ञाच्या मताशिवाय ना घ्या, ना विका.

मेडलच्या कडेवर नाव पाहा

मेडल म्हणजे चलन नव्हे, सन्मान किंवा आठवण. १९११ च्या दिल्ली दरबाराचं चांदीचं मेडल अनेकांना मिळालं, पण त्यावर मिळवणाऱ्याचं नाव कोरून दिलेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या मेडलचं तसं नाही. त्याच्या कडेवर नाव असतं, सैनिकाचं असेल तर नंबर आणि पलटणही. कोकणातले अनेक मुस्लिम जहाजावर नोकरीला होते. व्यापारी जहाजांवरच्या लोकांसाठी वेगळं कांस्य मेडल होतं, त्यावरही नाव आहे. बाजारात असं मेडल त्या नावामुळे विकलं जातं. आणि ते नाव आपल्या परदादांचं असेल, तर विकण्याआधी घरात सगळ्यांनी एकदा बसून बोलावं. एकदा गेलं की ते परत मिळणं कठीण.

लिलाव कसा चालतो?

मुंबई, अहमदाबाद, बेंगळुरू इथे नाण्यांचे नियमित लिलाव होतात. मुंबईतली टोडीवाला ऑक्शन्स ही त्यातली जुनी संस्था. प्रत्येक नाण्याला किंवा गटाला ‘लॉट’ नंबर मिळतो. कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, अवस्था आणि अंदाजे किंमत असते. विकणारा राखीव किंमत ठरवू शकतो; तेवढी बोली आली नाही तर नाणं परत येतं.

ज्या बोलीवर हातोडा पडतो ती ‘हॅमर’ किंमत. पण घेणारा त्याहून जास्त देतो आणि विकणाऱ्याला त्याहून कमी मिळतं. समजा हॅमर १०,००० रुपये, घेणाऱ्याकडून १५ टक्के प्रीमियम आणि विकणाऱ्याकडून १० टक्के कमिशन. मग घेणारा ११,५०० देईल, वर जीएसटी. विकणाऱ्याच्या हातात ९,००० येतील. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, म्हणून सही करण्याआधी करार नीट वाचा. भाव पाहायचा तर जुन्या लिलावांचे निकाल पाहा. कुणी किती मागतो हा भाव नव्हे. खरोखर किती मिळाले, तो भाव.

फसवणूक आणि कायदा

‘७८६ ची नोट लाखाला घेतो’, ‘जुनं नाणं द्या, पाच लाख घ्या’, असे मेसेज आपल्या मोबाइलवर येत राहतात. आधी नोंदणी फी मागतात, मग टॅक्स, मग कमिशन. नाणं कुणी घेतच नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती कुणाकडून फी मागत नाही. तसंच, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने धार्मिक चित्रं असलेले तांब्याचे तुकडे ‘चमत्कारी नाणं’ म्हणून विकतात. कंपनीने असं चलन कधी काढलंच नव्हतं.

कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. असं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दुबई-सौदीला असलेल्या मुलाकडे ‘तिकडे चांगला भाव येईल’ म्हणून सामानात पाठवू नका. दुसरं, शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

आधी काय करावं?

प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वजन ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. घरातल्या उर्दू शिकणाऱ्या मुलामुलींना वाचायला बसवा. सुट्टीच्या एका दुपारचं काम आहे. टांकसाळ आणि सन लागला की किमान दोन जाणकारांना विचारा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. तिथली नाणी पाहिली की नजर तयार होते.

आणि हे सगळं वाटणीच्या आधी करा, नंतर नाही. थैली वजनावर मोजून एकाने ठेवून घेतली आणि त्यातलं एक नाणं पुढे मोठ्या किमतीला गेलं, तर बहिणींचा हिस्सा नकळत मारला जातो. नाणी वाचून, किंमत लावून, यादी सगळ्या वारसांसमोर ठेवली, तर कुणाच्या मनात खोट राहणार नाही.