हाताचा चाळा



बचत गटाची बैठक लांबली की इतिवृत्ताची वही एकदा नीट बघा. मधे हिशेब असतो : हप्ता, व्याज, दंड. आणि कडेला? कडेला वेल चढलेली असते. एखादी कोयरी असते, चार ठिपके जोडून केलेलं फूल असतं. कुणी काढलं म्हणून विचारलं तर जिनं काढलं तीच लाजते. "काही नाही गं, हाताला चाळा," म्हणते. आजचं बोलणं या चाळ्याबद्दल आहे. कारण हा चाळा वाटतो तितका फुकटचा नाही, आणि त्याला इतिहास आहे.

माणूस फार पूर्वीपासून रेघा ओढत आला आहे. आपल्या कोकणात रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली चित्रं आहेत. कशेळीच्या सड्यावर एक भला मोठा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. हे काम चाळा म्हणून झालेलं नाही, त्याला कष्ट लागले असणार. पण एक गोष्ट तिथे दिसते. रेघ हजारो वर्षं टिकली, ती ओढणाऱ्यांची नावं मात्र राहिली नाहीत. ही नावाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

मी नया नगरात राहते, मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला. आमच्यावरून जाणारी रेल्वे पुढे विरार ओलांडून डहाणूला पोचते. तो वारली लोकांचा मुलूख. तिथे लग्नघरात भिंतीवर चौक काढतात. भिंत आधी शेणामातीनं सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, आणि बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, की झाला कुंचला. चौकाच्या मधोमध पालघट देवी. हा चौक काढायचा मान सवाष्णींचा. त्याला नेम असतो, विधी असतो. मनात आलं म्हणून कधीही काढायचं ते चित्र नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम बायकांच्या हातात राहिलं.

त्याच मुलखात जिव्या सोमा म्हसे नावाचा मुलगा होता. जन्म १९३४ च्या सुमाराचा, तलासरी तालुक्यातला. लहानपणीच आई गेली आणि पोराचं बोलणं थांबलं. काही सांगायचं झालं की तो मातीत रेघा ओढून दाखवायचा. जे तोंडानं येत नव्हतं ते बोटानं येऊ लागलं. पुढे डहाणूजवळ गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहताना ते लग्नाची वाट न बघता रोजच चित्रं काढू लागले. शेत, मासे धरायचं जाळं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं. विधी नाही, मुहूर्त नाही, हाताला काढावंसं वाटलं म्हणून काढलं.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर आले. त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि म्हसे यांचं काम मुंबईपर्यंत आणि पुढे परदेशात पोचलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. मातीत बोट फिरवणाऱ्या मुक्या पोराचा हात किती लांब गेला बघा.

आता नावाची गोष्ट. म्हसे यांच्या हातात कसब होतं, त्यांना मिळालेला मान त्यांचाच आहे. तरीही मनात येतं, की पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या सवाष्णींपैकी किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत? कारण साधं आहे. भिंत पुन्हा सारवली की चौक गेला. दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायाखाली जाते. मेंदी पंधरा दिवसांत उतरते. बायकांनी जिथे जिथे चित्र काढलं, ती जागाच पुसली जाणारी होती. कागद मात्र राहतो, आणि कागदाच्या कोपऱ्यात नाव घालायला जागा असते.

हे खरं आहे, याला पुरावा बिहारमध्ये मिळतो. १९६६-६७ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मधुबनीच्या बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून भिंतीवरची चित्रं कागदावर काढून घ्यायचं ठरलं. ते काम करायला पुपुल जयकर यांनी याच भास्कर कुलकर्णींना पाठवलं होतं. तिथे कागद बायकांच्या हातात पडला. म्हणून १९७५ मध्ये जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली, पाठोपाठ सीता देवींना, गंगा देवींना. भिंत होती तोवर त्या कुणाच्या तरी सासू आणि जाऊ होत्या. कागदावर आल्यावर त्या चित्रकार झाल्या.

काही जणी म्हणतील, आम्हाला कुठे चित्रकार व्हायचं आहे? ठीक आहे. पण चाळ्याचा आणखी एक उपयोग आहे. इंग्लंडमध्ये जॅकी अँड्रेड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग केला. तो २००९ मध्ये छापून आला. चाळीस जणांना फोनवरचं एक कंटाळवाणं बोलणं ऐकवलं. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरच्या चौकोन-गोलांत रेघा भरायला सांगितलं, निम्मे नुसते बसले. नंतर विचारलं तेव्हा रेघा भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. प्रयोग छोटाच होता, पण आपला अनुभवही तोच सांगतो. हात हलता असला की मन फार दूर भटकत नाही. निवडताना, विणताना ऐकलेली गोष्ट चांगली लक्षात राहते, ती यामुळेच असेल. तेव्हा बैठकीत एखादी वहीच्या कडेला वेल काढत असेल तर तिचं लक्ष नाही असं लगेच धरू नका.

आणि खाडाखोड झाली तरी घाबरू नका. रवींद्रनाथ टागोर कविता लिहिताना नको असलेले शब्द खोडायचे. मग त्या खोडलेल्या रेघा एकमेकींना जोडून त्यांचे पक्षी, मुखवटे, विचित्र जनावरं करायचे. त्यातूनच साठीनंतर ते चित्रकार झाले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं.

आमच्या नया नगरात चाँद रातीला मेंदीचे कोन घेऊन मुली बसतात. एकेका हातावर नक्षी अशी सरसर उतरते की बघत राहावं. तो हात एका रात्रीत तयार होत नाही. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर वर्षभर वेली गिरवलेल्या असतात. "अभ्यास सोडून हे काय" म्हणून त्यावर बोलणीही खाल्लेली असतात. ईदला तोच हात घरात चार पैसे आणतो.

तेव्हा मैत्रिणींनो, एक छोटं काम सांगते. गटासाठी एक कोरी वही घ्या, रेघांची नको. बैठकीला ती मधे ठेवा. हाताला येईल ते जिला काढायचं ती काढेल. तुमच्या आईच्या दारातली रांगोळी, आजीच्या गोधडीवरचा टाका, पोळ्याला बैलाच्या अंगावर उठवलेले ठसे, काहीही चालेल. चांगलं-वाईट कुणी म्हणायचं नाही. वर्षभरानं त्यातलं एखादं पिशवीवर, उशीच्या अभ्र्यावर, लग्नपत्रिकेवर शोभेल. तेव्हा ते कुणाचं आहे हे विचारावं लागू नये.

म्हणून प्रत्येक चित्राखाली तारीख घाला आणि पूर्ण नाव लिहा. अमक्याची आई, तमक्याची सून असं नको. तुमचं स्वतःचं नाव लिहा. जिला लिहिता येत नसेल तिला शेजारणीनं तेवढं शिकवावं. वेल काढणाऱ्या हाताला अक्षर जड जाणार नाही.