आगानोकाठची मासळी

जपानी समुद्रास मिळणारी आगानो नदी निइगाता प्रांतातील कोळ्यांची अन्नदात्री होती. १९६५ साली तिच्या मुखाजवळच्या गावांत विलक्षण दुखणे उघडकीस आले: हातपाय बधिर होत, दृष्टी आकुंचित होई, वाणी अडखळे. सुमारे ६० किलोमीटर वर, कानोसे येथील कारखान्याच्या सांडपाण्यातला सेंद्रिय पारा मासळीत साठला होता. हा पारा डोळ्यांस दिसत नाही, जिभेस लागत नाही.

वस्तुतः हे दुखणे जपानला नवे नव्हते. दक्षिणेस मिनामाता येथे मासळी आणि शिंपले खाणाऱ्यांत ते १९५६ मध्येच प्रकट झाले होते. दोन्ही कारखान्यांत पाऱ्याच्या साहाय्याने ॲसिटाल्डिहाइड बनत असे. मिनामाताच्या कारखान्याचेच डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजरास खाऊ घातले. तेही त्याच व्याधीने लुळे पडले. प्रयोगाच्या नोंदीत त्याचा क्रमांक ४००. कंपनीने निष्कर्ष दडपला. डॉक्टरही बाहेर बोलले नाहीत. त्यांना दुष्ट म्हणवत नाही; पण ते मौन आगानोच्या कोळ्यांच्या ताटात पडले.

१९७० मध्ये कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या होसोकावांनी रुग्णशय्येवरूनच साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. आगानोच्या रुग्णांच्या बाजूने निकाल लागला तो १९७१ साली.