भूगर्भांतील ऊब आणि खडकांच्या भेगा

भूगर्भांतील उष्णतेचा सांठा अक्षय्य आहे असें म्हणण्याचा प्रघात आहे. या 'अक्षय्य' शब्दाकडे आम्ही थोड्या संशयानेंच पाहतों.

या उद्योगाचें मूळ ठिकाण इटलींतील लार्देरेल्लो. तस्कनी प्रांतांतील या जागीं वाफेचे लोट जमिनींतून आपण होऊन वर येतात. १८१८ सालीं फ्रांस्वा लार्देरेल या फ्रेंच गृहस्थानें तेथील डबक्यांच्या पाण्यांतून बोरिक अम्ल काढण्याचा कारखाना घातला. पाणी आटविण्यास प्रथम लांकूड जाळीत. पुढें पायाखालची वाफच त्या कामीं लावली. त्या घराण्याचे जांवई प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनीं ४ जुलै १९०४ रोजीं त्या वाफेवर विजेचे ५ दिवे लावून दाखविले. १९१३ सालीं तेथें २५० किलोवॅटचें वीजगृह चालूं झालें. १९४४ सालीं महायुद्धांत तेथील वीजगृहें उद्ध्वस्त झालीं. तीं पुन्हा उभारावीं लागलीं.

पृथ्वीच्या पोटांत एवढी उष्णता असतां ती वाटेल तेथें कां मिळूं नये? कारण खडक हा उष्णतेचा मोठा कृपण वाहक आहे. साठ वॉटच्या एका दिव्यापुरती उष्णता हवी असल्यास सामान्यतः सुमारें १,००० चौरस मीटर जमिनींतून वर येणारी सगळी ऊब गोळा करावी लागेल! लार्देरेल्लोस तप्त शिला पृष्ठभागाच्या जवळ आहेत हें खरें. परंतु त्यांची ऊब वर आणतें तें भेगांतून खोल उतरून तापलेलें पावसाचें पाणी. आमच्या कोंकणांतील वज्रेश्वरी व उन्हवरे येथील ऊन पाण्याचीं कुंडें पाहावीं. तेथें जागृत ज्वालामुखी नाहीं. भेगा आणि पाणी एवढ्यावरच काम भागलें आहे.

कॅलिफोर्नियांतील 'गीझर्स' या ठिकाणीं १९६० सालीं वीज निघूं लागली. पुढें वीजगृहें वाढत गेलीं आणि १९८० नंतरच्या दशकांत वाफेचा दाब उतरूं लागला. खडक तापलेलाच होता; उणें पडलें तें भेगांतील पाणी. अखेरीस १९९७ पासून, आणि २००३ नंतर अधिक प्रमाणांत, आसपासच्या वस्त्यांचें शुद्ध केलेलें सांडपाणी नळांनीं आणून तेथें जमिनींत सोडण्यांत येऊं लागलें. ज्या पाण्याला आपण नाक मुरडतों, त्याचेंच हें मोल!

भेगा नसतील तेथें त्या पाडतां येतील, असाही एक विचार निघाला. २००६ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल शहराखालीं मोठ्या दाबानें पाणी घालून खडक उघडण्याचा प्रयत्न झाला. त्या डिसेंबरांत ३.४ प्रतीचा भूकंप झाला, घरांच्या भिंतींस तडे गेले, आणि २००९ सालीं ती योजना कायमची सोडून देण्यांत आली.