भाडेपावतीची गोष्ट



आवराआवर करताना सासऱ्यांच्या ट्रंकेत जुन्या भाडेपावत्यांची पुस्तके सापडली. प्रत्येक महिन्याचे अकरा रुपये नीट लिहिलेले. पण खोली देताना घेतलेल्या पगडीची नोंद कुठेच नाही! मी कॉमर्सची, अशी अर्धी वही पाहिली की मला चैन पडत नाही.

ही रीत आली कुठून? महायुद्ध आणि पाठोपाठ फाळणी, यांमुळे मुंबईत घरांची भीषण टंचाई झाली. म्हणून १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. १ सप्टेंबर १९४० ला भाड्याने असलेल्या जागेचे त्या दिवशीचे भाडे हेच प्रमाण भाडे ठरले. मालकाने लेखी पावती देणे सक्तीचे झाले आणि पगडी घेणे गुन्हा. भाडेकरूंना मोठा आधार मिळाला. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षे राहिला. भाडे जागच्या जागी, घरपट्टी आणि डागडुजी मात्र वाढती. मग पगडी चालूच राहिली, फक्त कागदावर येईना.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने पगडीला मान्यता दिली. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरीही! नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात.

गेल्या महिन्यात आमची वरची खोली द्यायची होती. मुलगा म्हणाला, "आई, करारात निम्मेच भाडे दाखवू, बाकीचे रोख घेऊ. कर वाचेल."

मी त्याला ट्रंकेतली पुस्तके दाखवली. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, मोजली आहे, हेही सांगितले. सासरे देवमाणूस होते, रोज मंदिरात जाणारे. तरी त्यांची वही अर्धीच राहिली. त्या काळी पगडी लिहिली तर गुन्हा कबूल केल्यासारखेच होते. आपल्याला तर तीही अडचण नाही.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने करारात पूर्ण रक्कम घातली. कर जरा जास्त भरावा लागेल, भरू.