खोडदच्या विज्ञानमेळ्याची कुळकथा

फेब्रुवारी सरत आला, की राजुरी, आळे, बेल्हे या जुन्नर तालुक्यातील गावांतून, तसेच शेजारच्या आंबेगावातूनही, शाळकरी मुले आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबाप खोडदच्या वाटेला लागतात. राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त तेथील रेडिओ दुर्बिणीच्या आवारात भरणाऱ्या प्रदर्शनाची ही वहिवाट आता या मुलखाच्या अंगवळणी पडली आहे. तिचे कूळ मात्र बरेच दूरचे आहे.

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी जी सभा स्थापिली, तिच्या मराठी शाखेने व्याख्याने आणि ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक यांच्या द्वारे शास्त्रीय ज्ञान देशी भाषेत आणण्याचा उद्योग आरंभिला. हेतू उदात्त होता. परंतु श्रोता नागर आणि साक्षर असावा, ही अट त्यात न सांगता गृहीत धरलेली होती. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले १९२८ साली, आणि त्याच वर्षी २८ फेब्रुवारीस कलकत्त्यात रामन यांना प्रकाशविकिरणाचा तो प्रसिद्ध परिणाम गवसला. पुढे १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद उभी राहिली, तिची संमेलने गावोगाव भरू लागली; आणि १९८७ पासून सरकारी ठरावाने रामन यांच्या शोधाचा दिवस देशभर साजरा होऊ लागला.

एवढ्यावरून खोडदचा मेळा म्हणजे सरकारी हुकमाची तामिली असे कोणी समजेल, तर ते अपुरे ठरेल. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्बिणीसाठी जुन्नरचा इलाखा पसंत केला, त्याला एक कारण असे, की येथे मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट थोडा होता आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा होता. तीस तबकड्यांपैकी चौदा खोडदच्या मध्यवर्ती आवारात आहेत. उरलेल्या सोळा तीन दिशांना फाकलेल्या रांगांत, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात, शेताशिवारांमध्ये उभ्या आहेत. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण, की विजेच्या तारेवरील सदोष चिनीमातीची चिमणी किंवा जवळचा भ्रमणध्वनीही त्यावर मात करू शकतो. तेव्हा शेजारच्या गावांचा समंजसपणा ही या यंत्राची गरज आहे. माझ्या मते मेळ्याचे खरे बळ या गरजेत आहे, उपदेशाच्या हौसेत नाही.

आणि समजावयास तेथे साधनही मोठे नामी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तबकडीचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नसून अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारांच्या जाळीचा आहे. द्राक्षमांडवाच्या तारा ताणण्यात हयात गेलेला शेतकरी तिच्याकडे परक्याच्या नजरेने पाहत नाही. जाळीचे सर्वांत मोठे भोक दोन सेंटिमीटरचे. येथे टिपल्या जाणाऱ्या लहरी सुमारे वीस सेंटिमीटर व त्याहून लांबीच्या. म्हणून लहरीला ती जाळी अखंड आरशासारखी भासते, वारा मात्र आरपार निघून जातो आणि पोलादाचा खर्च वाचतो. हा हिशेब कोणत्याही व्याख्यानाविना पटतो.

प्रदर्शनात शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापल्या प्रतिकृती मांडून उभी असतात. काहींचे प्रयोग पाठ केलेले असतात, हे कबूल केले पाहिजे. तरी आडवा प्रश्न आला, की पाठांतर सुटते आणि मूल विचार करू लागते. म्हणून खोडदला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती, की भ्रमणध्वनी बंद ठेवावा आणि प्रत्येक प्रतिकृतीपाशी एक तरी अवघड प्रश्न विचारावा.